थांबलेली पाळी आणि शरीराचा जमाखर्च

व्यापारी घरात रोजमेळ लिहिल्याशिवाय दिवस संपत नाही. गल्ल्यातील रोकड आणि वहीतील शिल्लक यांत दहा रुपयांचा फरक पडला, तरी तो सापडेपर्यंत दुकानाचा दिवा मालवला जात नाही. हिशेबाची ही शिस्त ज्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आली आहे, त्याच घरातील एखाद्या तरुण मुलीची मासिक पाळी चार-चार, सहा-सहा महिने येत नाही आणि ही गोष्ट फार तर तिच्या आईला ठाऊक असते. पुष्कळदा तिलाही नसते. विषय संकोचाचा म्हणून मुलगी बोलत नाही. स्थळे पाहणे चालू असते म्हणून आई बोलत नाही. 'लग्न झाले की सारे सुरळीत होईल' असे म्हणून विषय बाजूला ठेवला जातो. थकलेल्या उधारीपुढे दरवर्षी 'पुढील साली वसूल होईल' असा शेरा मारावा, तसेच हे समाधान आहे. उधारी त्यामुळे वसूल होत नाही, केवळ जुनी होत जाते.

प्रौढ स्त्रीचे मासिक चक्र साधारणपणे २१ ते ३५ दिवसांचे असते. पाळी नुकतीच सुरू झालेल्या किशोरवयीन मुलींमध्ये ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते. ज्या स्त्रीची पाळी नियमित होती तिला सलग तीन महिने, आणि जिची मुळातच अनियमित होती तिला सहा महिने पाळी आली नाही, तर वैद्यकशास्त्र त्याची दखल घेण्यास सांगते. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत पहिली पाळीच आली नसेल, तर तीही तपासणीची बाब होय. हे आकडे प्रत्येक घरातील वडीलधाऱ्या स्त्रीने लक्षात ठेवावेत, असे आहेत.

पाळी थांबण्याचे सर्वांत सामान्य कारण गर्भधारणा हे आहे, म्हणून पहिली चाचणी तिचीच होते. त्यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही. वैद्यकाचा तो नित्याचा क्रम आहे. त्यानंतर थायरॉइड ग्रंथीचे विकार, प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची वाढ, बीजकोशांचे पॉलिसिस्टिक विकार, चाळिशीच्या आतच बीजकोशांचे कार्य मंदावणे आणि आपल्या देशात विसरता न येणारा गर्भाशयाचा क्षयरोग, ही कारणे तपासली जातात. यांपैकी कोणतेही कारण केवळ आहाराने बरे होणारे नाही. म्हणून 'खाणेपिणे सुधारले की पाळी येईल' हे वाक्य तपासणीनंतर उच्चारायचे आहे, तपासणीऐवजी नव्हे. थोड्या रक्तचाचण्या आणि एक सोनोग्राफी एवढ्यावर बहुतेक वेळा चित्र स्पष्ट होते.

तथापि या सर्व चाचण्या झाल्यावर अनेक तरुणींच्या बाबतीत कोणत्याही अवयवात दोष आढळत नाही. बीजकोश निरोगी असतात, गर्भाशय निरोगी असते, थायरॉइडही बहुतांशी ठीक असते; आणि तरीही पाळी येत नाही. हा प्रकार आहार, व्यायाम आणि मनावरील ताण यांच्याशी निगडित असतो, आणि आहार व दिनक्रम बदलून पाळी परत येते ती प्रामुख्याने याच प्रकारात.

तुटीच्या काळात बंद होणारे खाते

शरीराला मिळणारी ऊर्जा मर्यादित असते आणि तिच्यावर दावा सांगणारी खाती अनेक असतात. हृदय, मेंदू, श्वसन, शरीराची उष्णता ही नित्याची खाती होत. त्यांचा खर्च टाळता येत नाही. चालणे-बोलणे, काम, व्यायाम यांचा खर्च वेगळा. या सर्वांनंतर जे उरते त्यातून शरीर नवी गुंतवणूक करते, आणि गर्भधारणेची सिद्धता ही स्त्रीशरीराची सर्वांत मोठी गुंतवणूक होय. नऊ महिने गर्भ पोसणे आणि पुढे स्तनपान करणे ही दीर्घ मुदतीची जोखीम आहे. भांडवलच अपुरे असताना शहाणा व्यापारी नवी शाखा उघडत नाही. शरीरही तसेच करते. पाळी थांबणे हा या प्रकारात शरीराचा बिघाड नसतो. हातातील शिल्लक पाहून शरीराने केलेली ती काटकसर असते.

इतिहासात याचे ढळढळीत उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ च्या हिवाळ्यात, जर्मन सैन्याने पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा रोखला. माणशी शिधा दिवसाला एक हजार उष्मांकांच्याही खाली गेला. त्या काळात तेथील सुमारे निम्म्या स्त्रियांची पाळी थांबली आणि नऊ महिन्यांनंतरच्या जन्मांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला, अन्न परत मिळू लागले आणि गर्भधारणेचे प्रमाण पुन्हा वेगाने वर आले. त्या स्त्रियांना पाळीसाठी औषध दिले गेले नव्हते. परत आले होते ते अन्न.

हे कसे घडते याचा उलगडा पुढील दशकांत होत गेला. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग असतो. तो ठरावीक अंतराने एका संप्रेरकाचे ठोके सोडतो. ते ठोके पीयूषिका ग्रंथीला जागे करतात, पीयूषिका बीजकोशांना आदेश पाठवते, बीजकोश इस्ट्रोजेन निर्माण करतात आणि बीज परिपक्व होते. ही साखळी मुख्य कचेरीतून शाखेकडे जाणाऱ्या हुकमासारखी आहे. शरीरात चरबी किती आहे आणि अन्न किती येत आहे याची बातमी मुख्य कचेरीला पोचवणारे लेप्टिन नावाचे संप्रेरक १९९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडले. आवक घटली की लेप्टिन घटते, ताणाचे कॉर्टिसॉल वाढते, हायपोथॅलॅमसचे ठोके मंदावतात आणि हुकूमच न आल्याने बीजकोश स्वस्थ बसतात. शाखा सुस्थितीत असते, कचेरीने कामकाज थांबवलेले असते.

प्रत्यक्ष आकडेमोड

अमेरिकेतील ओहायो विद्यापीठात ॲन लाउक्स यांनी या प्रश्नाकडे जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले. त्यांची पद्धत कोणत्याही मुनिमाला समजेल अशी आहे. दिवसभरात खाल्लेल्या अन्नाचे उष्मांक ही जमा. व्यायामात खर्च झालेले उष्मांक ही वजावट. उरलेल्या शिलकीला शरीराच्या चरबीविरहित वजनाने भागावयाचे. येणारा आकडा म्हणजे शरीराच्या स्वतःच्या कामांसाठी दर किलोमागे उपलब्ध असलेली ऊर्जा. हा आकडा ४५ च्या आसपास असेल तर व्यवहार समतोल असतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, पाळी नियमित असलेल्या निरोगी तरुणींमध्ये तो ३० च्या खाली नेताच अवघ्या पाच दिवसांत पीयूषिकेच्या संप्रेरकाचे ठोके विस्कळीत झाले. त्याआधीच्या प्रयोगात त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती : व्यायाम तेवढाच ठेवून त्याच्या खर्चाइतके अन्न वाढवले, तर हा बिघाड होत नाही. म्हणजे दोष व्यायामाचा नव्हता, न भरलेल्या तुटीचा होता. ३० ही रेषा प्रत्येकीसाठी तंतोतंत सारखी नसते असे पुढील संशोधनात दिसून आले; तरी दिशा समजण्यास ती पुरेशी आहे.

समजा, एका तरुणीचे वजन ५० किलो आहे आणि त्यातील चरबी वगळता वजन ३८ किलो आहे. सकाळी ग्रीन टी आणि एक सफरचंद, दुपारी बिनतुपाचे दोन फुलके, भाजी आणि वाटीभर कोशिंबीर, दुपारनंतर मूठभर मखाणे, सूर्यास्तापूर्वी वाटीभर मुगाचे कढण आणि थोडा भात, असा तिचा आहार. मध्ये चहा, ताक वगैरे धरून ही जमा साधारण १,२०० उष्मांक होते असे धरू. ती रोज तासभर जिममध्ये घाम गाळते; त्याची वजावट ३०० धरू. शिल्लक राहिली ९००. त्याला ३८ ने भागले की येतात सुमारे २४. ही मुलगी उपाशी दिसत नाही. तिचे वजन फार कमी नाही. नातेवाइकांत तिचे 'किती छान फिगर ठेवली आहे' असे कौतुकही होते. पण तिच्या शरीराची वही तुटीत चालली आहे.

आता तिने दुधाचा एक पेला, एक केळे आणि दहा-बारा बदाम एवढीच भर घातली, तर जमा सुमारे ३३० ने वाढते. व्यायाम निम्मा केला, तर वजावट १५० वर येते. शिल्लक १,३८० आणि भागाकार ३६. तूट मोठ्या प्रमाणात भरून निघाली. ४५ पर्यंत पोचण्यास आणखी सुमारे ३३० हवेत. ते दुपारच्या जेवणातील आणखी एक फुलका, सर्व फुलक्यांवर तूप, एक वाटी घट्ट वरण आणि थोडेसे पनीर यांतून सहज मिळतात. ३३० हा आकडा मुद्दाम घेतला आहे. व्यायाम करणाऱ्या आणि पाळी लांबलेल्या वा थांबलेल्या तरुणींवर बारा महिने चाललेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आहारातील सरासरी वाढ इतकीच होती, आणि अन्न वाढवलेल्या गटात पाळी परत येण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या जवळजवळ दुप्पट आढळली. मेजवान्या झोडायच्या नाहीत. रोजची एक छोटी नोंद जमेकडे वाढवायची आहे, आणि ती न चुकता.

तूट कोठून येते

आपल्या घरांत ही तूट निर्माण होण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. साखरपुडा झाला की लग्नाच्या घागऱ्यासाठी सहा महिन्यांत दहा किलो वजन उतरवण्याचा संकल्प होतो. सी.ए.ची परीक्षा द्यायची असते, आर्टिकलशिप चालू असते, झोप पाच तासांवर आलेली असते आणि नाश्त्याला वेळ नसतो. मॅरेथॉनची तयारी चालू असते. तेल-तूप म्हणजे विष असे कोणीतरी मनावर ठसवलेले असते. ताटात काकडी, कोबी आणि डिटॉक्सच्या नावाचे पाणी भरपूर असते. पोट भरते, खाते भरत नाही.

एक कारण खास आपल्या दिनक्रमातील आहे. अनेक घरांत रात्रिभोजन वर्ज्य असते. घरी राहणाऱ्या पूर्वीच्या गृहिणीचे दुसरे जेवण सूर्यास्तापूर्वी व्यवस्थित होत असे. आजची मुलगी सकाळी नऊला बाहेर पडते, दुपारी एकला डबा खाते आणि साडेसातला घरी पोचते. नियम पाळायचा असल्याने ती पाणी पिऊन झोपते. दिवसातून दोन जेवणांचा तो नियम तिच्यापुरता एका जेवणाचा होऊन बसतो आणि घरात कोणाच्या ते ध्यानातही येत नाही. याला उपाय साधा आहे. तिच्याबरोबर दोन डबे द्यावेत. दुसरा डबा सायंकाळी पाचच्या सुमारास कचेरीतच उघडला जावा, आणि त्यात ठेपले, पराठे, दही, पनीर, सुकामेवा असे पोटभरीचे अन्न असावे. नियमही राहतो आणि जेवणही राहते.

तपाविषयी येथे आदरपूर्वक एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. तप यथाशक्ती करावे असे परंपरा स्वतःच सांगते. बारा प्रकारच्या तपांत अनशन आणि ऊनोदरी ही बाह्य तपे आहेत. विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, ध्यान ही आभ्यंतर तपे आहेत आणि त्यांना शरीराची शिल्लक कमी लागते. जिची पाळी कित्येक महिने थांबली आहे अशा तरुणीने वर्षीतप किंवा अठ्ठाई घेण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि आपली प्रकृती गुरुजनांसमोर मोकळेपणाने मांडावी. आरशासाठी केलेली उपासमार तपाच्या नावाखाली चालली आहे का, हेही घरातील जाणत्यांनी प्रेमाने पाहावे. कारण उपवासाच्या आडोशाला खाण्याची भीती लपून बसलेली असू शकते, आणि ती भीती हा आजार आहे.

वेळ का दवडू नये

'पाळी नाही तर त्रासही नाही, पूजेला, प्रवासाला अडचण नाही' असे म्हणून काही मुली निश्चिंत राहतात. त्यांना जे दिसत नाही ते हाडांत घडत असते. इस्ट्रोजेन हे हाडांचे रक्षक संप्रेरक आहे. हाडांचा साठा मुख्यतः विशीपर्यंत जमा होतो, तिशीच्या आसपास त्याची कमाल मर्यादा गाठली जाते, आणि त्यानंतर आयुष्यभर त्याच ठेवीतून खर्च होत राहतो. ज्या वयात ठेव वाढायची त्याच वयात इस्ट्रोजेनचा पुरवठा बंद राहिला, तर ती अपुरीच राहते. अशा मुलींमध्ये धावताना, नाचताना पायाच्या हाडाला बारीक तडे जाण्याचे प्रमाण अधिक असते. आणि गमावलेली घनता पाळी परत आल्यावर पूर्णपणे भरून येईलच असे नाही. म्हणूनच सहा महिने वा त्याहून अधिक काळ पाळी नसेल, तर हाडांची घनता मोजण्याची डेक्सा तपासणी सुचवली जाते. लग्नानंतर मूल राहण्यात अडचण येणे हा दुसरा परिणाम. त्याची चर्चा घरात फार होते; हाडांची मात्र होत नाही.

येथे गोळ्यांचा विषय निघतो. डॉक्टरकडे जाण्याऐवजी औषधाच्या दुकानातून पाळी 'आणण्याची' गोळी आणली जाते. पर्युषणात किंवा घरच्या लग्नात पाळी 'ढकलण्याची' गोळी तर अनेक घरांत ठाऊक असते. गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट घेतले की दर महिन्याला रक्तस्राव होतो आणि घर समाधान पावते. हा स्राव गोळी थांबवल्यामुळे होतो. हायपोथॅलॅमसने कामकाज सुरू केल्यामुळे नव्हे. बँकेच्या भाषेत याला एकतीस मार्चची सजावट म्हणावे लागेल. वर्षअखेरीस चार दिवस उसनवारीची रक्कम खात्यात आणून ताळेबंद देखणा करता येतो, पण त्याने धंदा नफ्यात येत नाही. या विषयावर अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०१७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात : अशा मुलींमध्ये केवळ पाळी आणण्यासाठी किंवा हाडांसाठी गर्भनिरोधक गोळ्या देऊ नयेत, प्रथम ऊर्जेचा समतोल साधावा, मनाला आधार द्यावा, आणि योग्य प्रयत्नांनंतरही पाळी न आल्यास हाडांच्या रक्षणासाठी त्वचेवरील पट्टीतून इस्ट्रोजेन व त्यासोबत प्रोजेस्टेरॉन अल्पकाळ देण्याचा विचार तज्ज्ञांनी करावा. तथापि काही विकारांत याच गोळ्या खरोखर आवश्यक असतात. म्हणून डॉक्टरांनी दिलेले औषध कोणीही आपल्या मनाने थांबवू नये.

उलट्या बाजूचा हिशेब

पाळी थांबणाऱ्या प्रत्येक मुलीचे खाते तुटीतच असते असे नाही. १९३५ मध्ये शिकागोतील स्टाइन आणि लेव्हेंथाल या दोन वैद्यांनी सात रुग्ण स्त्रियांवरून जो विकार वर्णन केला, तो आज पीसीओएस या नावाने घरोघरी ठाऊक झाला आहे. त्यात चेहऱ्यावर केस वाढणे, मुरुमे येणे, पाळी लांबणे ही लक्षणे दिसतात. अनेकींमध्ये इन्सुलिनचे काम नीट होत नाही आणि वजन वाढते. ज्यांचे वजन अधिक आहे त्यांनी ते पाच ते दहा टक्के उतरवले, तरी पुष्कळदा पाळी सुधारते. ७० किलो वजनाच्या स्त्रीला हे प्रमाण साडेतीन ते सात किलो एवढेच पडते. येथे मैदा, साखर, फरसाण आणि बैठे दुकानदारी आयुष्य यांना आवर घालणे, आणि डाळी, भाज्या, ताक, रोजचे भरभर चालणे यांना जागा देणे हा मार्ग आहे. या विकारात पाळी दीर्घकाळ न येण्याचा धोकाही वेगळा असतो : गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते, आणि म्हणून डॉक्टर ठरावीक अंतराने प्रोजेस्टेरॉन देऊन ते बाहेर काढतात.

दोन्ही प्रकारांत लक्षण एकच आणि उपाय परस्परविरुद्ध, ही खरी अडचण आहे. तुटीमुळे पाळी थांबलेल्या सडपातळ मुलीच्याही सोनोग्राफीत बीजकोशांवर अनेक लहान पुटिका दिसू शकतात. तेवढ्यावरून घरी 'पीसीओएस' असे नाव लागते आणि 'वजन कमी कर, भात बंद कर' असा सल्ला शेजारीण, आत्या, मावशी सगळ्याच देऊ लागतात. आधीच तुटीत असलेल्या खात्यातून आणखी रक्कम काढली जाते. म्हणून सोनोग्राफीचा कागद एकटा वाचू नये. मुलगी काय खाते, किती व्यायाम करते, गेल्या वर्षात वजन किती बदलले, झोप किती आणि चिंता कशाची, हे सर्व डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे; त्यांनी विचारले नाही तरी सांगावे.

घराने काय करावे

जिची तूट निश्चित झाली आहे तिच्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे जेवणाच्या वेळा. उठल्यापासून तासाभरात काही खाल्ले जावे आणि त्यानंतर तीन-चार तासांहून अधिक काळ पोट रिकामे राहू नये. दुसरी गोष्ट म्हणजे तेल-तुपाची भीती सोडणे. एक चहाचा चमचा तूप म्हणजे सुमारे ४५ उष्मांक. थोड्या जागेत मोठी रक्कम ठेवणारी ती पेटी आहे. तिसरी गोष्ट पिष्टमय अन्न. भात, ज्वारी, गहू हे शत्रू नव्हेत. चौथी गोष्ट प्रथिने. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने आणि १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. डाळ, दही, पनीर, ताक, सोयाबीन यांतून हे शाकाहारी ताटात जमवता येते. कॅल्शियमसाठी तीळ आणि नाचणी यांची भर घालावी. ब-१२ आणि ड जीवनसत्त्वांची तपासणी करून घ्यावी. शाकाहारात पहिल्याची आणि बंद घरातल्या आयुष्यात दुसऱ्याची उणीव पुष्कळदा सापडते.

तीळ-गुळाचा लाडू 'उष्ण' असल्याने पाळी आणतो, असा आपल्याकडे समज आहे. लाडू जरूर खावा. त्याने उपयोग झालाच तर तो उष्णतेचा नसून उष्मांकांचा असेल. कोणत्याही एका पदार्थात पाळी आणण्याची किमया नाही. एकूण जमा वाढली पाहिजे.

व्यायाम कायमचा सोडायचा नाही. काही महिने धावणे आणि जोरकस वर्ग कमी करून त्या जागी चालणे, हलकी योगासने असावीत. झोप सात-आठ तासांची असावी. आणि मनाचे ओझे हलके व्हावे, कारण हायपोथॅलॅमस अन्नाइतकेच चिंतेलाही ओळखतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात अशा सोळा स्त्रियांपैकी आठ जणींना वीस आठवडे विचार व वर्तनावर आधारित समुपदेशन दिले गेले. त्यांतील सात जणींचे बीजकोशांचे कार्य परत येऊ लागले. केवळ निरीक्षणाखाली ठेवलेल्या आठ जणींपैकी दोघींचेच आले. समुपदेशकाकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे, हे आता आपल्या घरांनी मान्य करावयास हवे. मुलगी जेवणाच्या ताटापासून दूर पळत असेल, जेवल्यावर उलटी काढत असेल, चक्कर येऊन पडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ आणि डॉक्टर दोघांचीही मदत विनाविलंब घ्यावी. डोकेदुखीबरोबर दृष्टी अंधुक होणे किंवा स्तनांतून दूध येणे, ही लक्षणेही थांबण्याची नव्हेत.

पाळी परत येण्यास आठवडे नव्हे, महिने लागतात. कित्येकींना सहा ते बारा. वजन थोडे वाढते, आणि ते वाढणे हाच उपचार असतो. या काळात 'जाड झालीस' हे दोन शब्द घरातून आणि समारंभांतून हद्दपार करावेत. विवाहित स्त्रियांनी हेही ध्यानात ठेवावे की पहिल्या पाळीच्या आधीच बीज बाहेर पडते. म्हणजे पाळी दिसण्यापूर्वीही गर्भ राहू शकतो.

राहिला प्रश्न विचारणार कोण याचा. आईने, काकूने, आजीने वा सासूने महिन्यातून एकदा सहज, चौकशीच्या नव्हे तर मायेच्या सुरात 'पाळी वेळेवर आहे ना ग?' एवढे विचारावे. मुलीने दिनदर्शिकेवर तारखेला एक बारीक खूण करावी. वडिलांनीही या विषयापासून तोंड फिरवू नये. डॉक्टरकडे नेण्यासाठी दुकानातून एक दुपार मोकळी काढणे आणि दुसऱ्या डब्याची व्यवस्था लावणे त्यांच्या हातात आहे. स्थळ पाहणाऱ्यांपासून लपवण्यासारखे यात काही नाही. तपासलेले आणि उपचार चालू असलेले दुखणे सांगता येते. न तपासलेले दुखणे लग्नानंतर आपोआप उघड होते, आणि मग त्याचा जाब एकट्या मुलीला द्यावा लागतो. तीन महिने खूण पडली नाही, तर चौथ्याची वाट पाहू नये.